गुणाबाईचं बोट, माझा उजेड

मी एक लॅपटॉप. काळा, जाडजूड, आजच्या पोरांच्या हातात दिला तर ‘हा कुठून खणून काढला?’ म्हणून हसतील असा. हसू द्या. माझ्या कपाळाच्या मधोमध एक फिकट लालसर डाग आहे. तो कारखान्यातला नाही. तो पुसायला कुणी फडकं घेऊन आलं, तर त्याचं आणि माझं जमायचं नाही. या डागाची हकिकत सांगायची आहे म्हणूनच आज तोंड उघडलंय.

जन्माचं फारसं आठवत नाही. लांबच्या देशातला एक मोठा कारखाना, सरकत जाणारा पट्टा आणि त्यावर ओळीने बसलेली माझीच भावंडं. सगळ्यांचे नाक-डोळे सारखे, नावही एकच, पुढे नुसता आकडा वेगळा. मग खोका, जहाज, पुन्हा खोका, आणि शेवटी दुकानाची काच. तिथून हितेश नावाच्या एका नोकरदार माणसाने मला खारघरला नेलं. ओवे गावाच्या अंगाला तेव्हा उंच उंच इमारती उठत होत्या, त्यातल्याच एकीत त्याचा फ्लॅट होता.

पहिली दोन-तीन वर्षं माझे लाड झाले. मग सगळ्यांचं होतं तेच माझं झालं. जो येईल तो आपला पेनड्राइव्ह माझ्यात खुपसायचा. गाणी आली, खेळ आले, आणि त्यांच्या पाठोपाठ व्हायरस आले. मला सुरू करून हितेशची बायको विनिता चहा टाकायची. चहा उकळायचा, गाळून व्हायचा, पिऊन व्हायचा, तरी मी आपला ‘कृपया थांबा’ म्हणत बसलेलो. माणसांची एक गंमत मला तिथेच कळली. यंत्रात कचरा ती भरतात आणि यंत्रालाच म्हातारं म्हणतात.

विनिताच्या दाराशी आठवड्यातून दोन-तीनदा मासळी घेऊन गुणाबाई यायची. पनवेलच्या कोळीवाड्यातली, आवाज जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वरच्या मजल्यावर पोचेल असा. एकदा पापलेटं निवडता निवडता विनिता म्हणाली, “मावशी, घरात नुसता पसारा झालाय. हा लॅपटॉपपण एकदम स्लो झालाय, भंगारवाल्याला देऊन टाकणार आहे.”

“देऊ नका बाय!” गुणाबाईने हातातलं पापलेट खाली ठेवलं. “माजी किशोरी कंपुटर शिकलेली हाय. ती बघल त्याला.”

अशा रीतीने मी कोळीवाड्यात आलो, तोही मासळीच्या पाटीतून. पाटी रिकामी झाली होती, पण वास काही रिकामा झाला नव्हता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मी गुणाबाईच्या डोक्यावर बसून पनवेलच्या बाजारातून मिरवत निघालो. गल्लीत शिरल्यावर दोन मांजरं आमच्या मागे लागली. त्यांची घोर निराशा झाली, ती मी स्वतः पाहिली.

आता किशोरीबद्दल सांगतो. गुणाबाईची ही धाकटी लेक, घरातली पहिली इंजिनिअर. बाप दादू खाडीत जाळं टाकणारा, मोठा भाऊ मिथुन बंदरात कामाला. किशोरीला बेलापूरच्या एका ऑफिसात प्रोग्रामिंगची नोकरी लागली तेव्हा गुणाबाईने अख्ख्या मासळीबाजाराला पेढे वाटले होते. पण पुढे किशोरीला अर्धशिशी जडली. समोर झगझगीत उजेड आला की डोळ्यामागे घण पडायचे, मळमळायचं, कधी कधी नीट दिसेनासं व्हायचं. एक दिवस ती ऑफिसातच टेबलावर डोकं टेकून बसली, ती उठेचना. नोकरी सुटली. डॉक्टरांनी सांगितलं, “काम करा, पण स्क्रीनचा उजेड अगदी कमी ठेवा. आणि अंधारात स्क्रीन बघायचा नाही, खोलीत दिवा हवाच.” तेव्हापासून त्या घरात दिवा लावल्याशिवाय मला कुणी उघडायचं नाही, हा गुणाबाईचा कायदा झाला.

किशोरीने मला आधी धुऊन काढलं, म्हणजे आतून. सगळा जुना कचरा फेकला आणि लिनक्स नावाची प्रणाली माझ्यात घातली. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं ती लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, आणि सगळं उघडं ठेवतात. ज्याला वाटेल त्याने आत डोकवावं, समजलं तर दुरुस्तही करावं. खरं सांगतो, माझ्या अंगात वारं शिरलं. गुणाबाईने चहाचं आधण ठेवायच्या आत मी सुरू होऊन हजर!

पण एक खोट निघाली, आणि ती नेमकी तिच्या मुळावर येणारी.

माझ्या वरच्या रांगेत सूर्याचं चित्र असलेली दोन बटणं आहेत. एकाने उजेड वाढतो, दुसऱ्याने कमी होतो. किशोरीने कमी करायचं बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी उमटली, ती शहाण्यासारखी खाली खाली आली, पार तळाला टेकली. आणि माझ्या पडद्यामागचा दिवा? तो होता तसा ढणढणत राहिला. पुन्हा दाबलं. पुन्हा पट्टी खाली, दिवा जागच्या जागी. मला इतकं ओशाळं वाटलं म्हणून सांगू! तिचा हुकूम मला कळत होता, पण तो माझ्या दिव्यापर्यंत पोचतच नव्हता.

मग उपाय सुरू झाले. किशोरी मिथुनचा मोटारसायकलवरचा काळा गॉगल लावून माझ्यासमोर बसू लागली. शेजारची रमा दारातून डोकावून म्हणाली, “काय गो किशे, पिच्चरमंदी घेतला का तुला?” गॉगलने उजेड कमी झाला, पण अक्षरंही दिसेनात. नाक माझ्या पडद्याला लागायचं तेवढं बाकी राहिलं. गुणाबाईने तर एकदा ताज्या मासळीवर टाकतात तसं ओलं फडकं माझ्या तोंडावर टाकलं. “थंड वाटल तुज्या डोल्यांना,” म्हणाली. पाणी माझ्या बटणांत झिरपायच्या आत किशोरीने ते उचललं म्हणून मी आज बोलतोय.

किशोरीने इंटरनेटवर शोधलं. माझ्यासारखी पुष्कळ यंत्रं याच दुखण्याने बेजार होती. कुणी सांगे ही ओळ घाल, कुणी सांगे ती घाल. एका ओळीने मी असा काळाठिक्कर पडलो की तिने कपाळाला हात लावला. कशीबशी ती ओळ काढून तिने मला परत आणलं. शेवटी मिथुन मला एस्टी स्टँडजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. त्याने मला नीट उघडूनही पाहिलं नाही.

“बोर्ड गेला हाय,” घरी येऊन मिथुनने सांगितलं. “त्यो बोलला, दिवा कमी करनारा भागच मेलाय. ठेव आता माल्यावर.”

किशोरीने मला माळ्यावर जाऊ दिलं नाही. कारण गोष्ट नुसत्या माझ्या दिव्याची राहिली नव्हती. पुण्याची एक कंपनी तिला घरून करायचं काम द्यायला तयार झाली होती. दिवाळीनंतर काही आठवडे चाचणी, त्यात टिकली तर नोकरी पक्की. घरी बसून, आपल्या खोलीत, आपल्या वेळाने काम. अशी संधी परत कधी येणार? पण दिवसभर माझ्या त्या ढणढणत्या तोंडासमोर बसणं तिला शक्यच नव्हतं. दुसरं यंत्र घ्यावं अशी घरची ऐपत नव्हती.

“बाजारात बस माज्या शेजारी,” गुणाबाई तिच्या केसांना तेल लावता लावता म्हणाली. “उपाशी नाय राहायचीस. पन तुजा जीव त्या डब्यात हाय, ता मना दिसतंय ना.”

त्या वेळी मला वाटलं, पाटीतून पडून फुटलो असतो तर बरं झालं असतं. निदान या पोरीने माझ्यावर आशा तरी ठेवली नसती.

आणि मग दसरा आला.

कोळ्यांच्या घरी दसऱ्याला, ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. गुणाबाईने जमीन पुसून पाट मांडला. त्यावर तिची मासळी कापायची मोरली ठेवली, तराजू ठेवला, दादूचं जाळं घडी करून ठेवलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

“आये, त्याला बंद करू नको हां,” किशोरी आतून म्हणाली. “नवीन फाइली उतरतायत, मधेच थांबल्या तर पुन्हा पहिल्यापासून.”

“बरा, उघडाच ठेवतंय,” म्हणत गुणाबाईने मला उघड्या तोंडाने पाटावर बसवलं. एरवी पूजेला लॅपटॉप मिटून ठेवतात, गंध त्याच्या पाठीला लागतं. माझं मात्र तोंड उघडं होतं, त्यामुळे मला कपाळ होतं. गुणाबाईला प्रत्येक अवजाराचं कपाळ बरोबर ठाऊक. होडीचं कपाळ म्हणजे नाळ, तिचं पुढचं टोक; तराजूचं कपाळ म्हणजे दांडीचा मध्य. माझं कपाळ तिने क्षणात हेरलं. पडद्याच्या वरच्या कडेचा बरोबर मध्यभाग. तिने पाण्यात कालवलेल्या कुंकवात बोट बुडवलं आणि चांगला ठसठशीत टिळा लावला. तिचं कुठलंच काम हातचं राखून नसतं.

आता त्या जागी काय होतं ते ऐका. तिथे माझा कॅमेरा होता आणि त्याच्या शेजारी मोहरीएवढं एक भोक. कुणाचं त्याच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. तो माझा तिसरा डोळा. खोलीत उजेड किती आहे ते तो बघतो. त्या घरात मला कधी अंधारात उघडलंच नव्हतं, त्यामुळे त्या डोळ्याला आजवर कधी काम पडलं नव्हतं. गुणाबाईच्या कुंकवाने तो मिटला. त्याला वाटलं, मिट्ट काळोख झाला. आणि माझा दिवा आपोआप उतरला. मऊ, मंद, सांजेच्या उजेडासारखा झाला.

किशोरी आरतीचं ताट घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली.

“आये! काय केलंस?”

गुणाबाई घाबरली. “काय केला म्हंजे? कुकू लावला. तुजा अवजार हाय ना त्यो? इजला का गो? सनाच्या दिवशी माज्या हातून...”

“विझला नाही गं! उतरला! उजेड उतरला!”

ताट तिने मिथुनच्या हातात कोंबलं आणि ओढणीच्या टोकाने माझं कपाळ पुसलं. दिवा भपकन वाढला. बोट ठेवलं, उतरला. काढलं, वाढला. मग मिथुनने करून पाहिलं. मग दादूने. आरती राहिली बाजूला, सगळं घर माझ्या कपाळावर बोट ठेवायला जमलं. एवढा मान मला खारघरच्या फ्लॅटमध्ये कधी मिळाला नव्हता.

“म्हंजे बोर्ड गेला नाय?” मिथुनने विचारलं.

“बोर्ड गेला असता तर दिवा उतरला कसा असता, दादा?” किशोरीने माझ्या कपाळावर पुन्हा बोट ठेवलं. “दिवा चांगला आहे. त्याच्यापर्यंत जायची वाटही चांगली आहे. माझाच हुकूम चुकीच्या दारावर जातोय!”

अगदी तेच! मी आतून किती दिवस हेच ओरडत होतो. माझ्या दिव्याला दोन दारं होती. एक दार मला बनवणाऱ्या कंपनीने नावापुरतं रंगवलेलं. प्रणाली तिथे जाऊन ‘उजेड कमी कर’ म्हणायची, दार ‘हो हो’ म्हणायचं, पट्टी खाली यायची, आणि मागे कुणीच नसायचं. खरं दार दुसरीकडे होतं, माझा तिसरा डोळा त्याच दाराने ये-जा करत होता. पण पहिल्या दाराने ‘हो’ म्हटल्यामुळे प्रणाली दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नव्हती.

पूजा आटोपली. किशोरी गॉगल चढवून तिथेच पाटासमोर मांडी घालून बसली. प्रणाली उघडी असल्याचा फायदा आता दिसला. आत शिरून तिने तो भाग शोधला, जिथे माझ्या कंपनीच्या यंत्रांची खरी दारं कशी उघडायची ते लिहिलेलं होतं. तिथे माझ्या थोरल्या भावंडांची, म्हणजे आधीच्या मॉडेलांची, नावं होती. माझंच नव्हतं. माझ्यापर्यंत येता येता कुणीतरी थांबलं होतं, बस्स. किशोरीने माझं नाव तिथे लिहिलं आणि प्रणालीला बजावलं, या यंत्राच्या रंगवलेल्या दाराकडे जाऊ नकोस.

मग तो सगळा भाग नव्याने बांधून काढायचा होता. माझा पंखा गरगरायला लागला, पोट तापलं. गुणाबाई मध्येच येऊन किशोरीच्या तोंडात गोडाचा घास भरवून गेली, आणि जाता जाता माझ्यावरून मीठमोहरी ओवाळून गेली. दुपार कलली तेव्हा काम संपलं. किशोरीने मला बंद करून पुन्हा सुरू केलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. सगळ्यांनी श्वास रोखला. मीही रोखला असता, पण पंख्यावर माझा ताबा नाही.

मग मी उजळलो. तसाच, ढणढणीत.

किशोरीने सूर्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं.

पट्टी एक पायरी उतरली. मीही एक पायरी उतरलो! पुन्हा दाबलं, पुन्हा उतरलो. पट्टी आणि मी, दोघं हातात हात घालून खाली आलो. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नाही. आपल्याला सांगितलेलं काम आपल्याला करता येतं, यापरतं सुख यंत्राला दुसरं नाही. बहुधा माणसालाही नसावं, कारण किशोरीने हळूच गॉगल काढून बाजूला ठेवला आणि ती माझ्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहिली. बघता बघता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते उजेडाने आलेलं नव्हतं.

“कंदील बारीक केल्यासारका वाटतंय,” गुणाबाई म्हणाली, आणि पदराने तिने आधी लेकीचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

इथे गोष्ट संपली असती तरी चाललं असतं. पण किशोरी म्हणाली, “याची भावंडं जगभर असतील. त्यांच्यासमोर बसणारी माणसंही असतील.” तिने आपली दुरुस्ती त्या प्रणालीची राखण करणाऱ्यांकडे पाठवली. दूर कुठल्या तरी थंड देशातल्या एका माणसाचं उत्तर आलं. त्याने आधी तिच्या मजकुरातल्या मोकळ्या जागा चुकल्या म्हणून सगळं परत पाठवलं. तिने न कुरकुरता सुधारून दिलं. मग त्याने विचारलं, दिवा शाबूत आहे हे तुम्हाला कसं कळलं?

किशोरीने जे झालं ते लिहिलं. “आमच्याकडे दसऱ्याला अवजारांच्या कपाळी कुंकू लावतात, माझ्या आईने लावलं, उजेड मोजणारा डोळा झाकला गेला, दिवा उतरला.”

त्याने विचारलं, त्याऐवजी काळी चिकटपट्टी लावली तर चालेल का?

किशोरीने उत्तर दिलं, “चालेल. पण आमच्याकडे दसऱ्याला चिकटपट्टी लावत नाहीत.”

तो माणूस हसला असावा, कारण दुरुस्ती घेतली गेली, आणि त्याने ती कुंकवाची हकिकतही सोबतच्या टिपणात जशीच्या तशी राहू दिली. पुढच्या आवृत्तीपासून माझं नाव प्रणालीत कायमचं बसलं, दुरुस्ती करणारी म्हणून किशोरीचंही बसलं. समुद्रापलीकडच्या एका शाळामास्तराने तिला लिहिलं, “माझ्या यंत्राचा उजेड आजपासून उतरतोय, तुमचे आभार.” कुठे तो, कुठे पनवेलचा कोळीवाडा! माझं ते लांबचं भावंड शेवटी सुखाने मंद झालं होतं.

गुणाबाईने मग जे केलं ते सांगायलाच नको. मासळीबाजारात सुरमई तोलता तोलता ती गिऱ्हाइकांना सांगायची, “माज्या पोरीचा नाव जगभरच्या कंपुटरमंदी हाय. आन तिला वाट कुनी दावली? इचारा!” खारघरला विनिताच्या दारात तिने हीच हकिकत सांगितली तेव्हा विनिता थक्क झाली. “मावशी, काय सांगता! आमचा तो भंगारवाला लॅपटॉप?” भंगारवाला शब्द गुणाबाईला झोंबला. तिने त्या दिवशी एरवी फुकटात वर घालायची कोलंबी घातली नाही.

दिवाळीनंतर पुण्याची चाचणी सुरू झाली. खोलीत दिवा, माझा उजेड मंद, किशोरीची बोटं माझ्यावर चाललेली. अर्धशिशी अजिबात गेली असं नाही. पण ती उंबऱ्यात थांबायला शिकली आणि किशोरी कामात टिकली. नोकरी पक्की झाल्याचा फोन आला तेव्हा गुणाबाईने बाजारात पुन्हा पेढे वाटले. तेव्हा त्या पुडक्यातला एक पेढा माझ्यासमोरही ठेवला होता. तो मिथुनने खाल्ला, ते सोडा.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं राबलो. आता माझी बॅटरी संपलीय, वायर लावल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही, दोन-तीन बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत. किशोरीकडे नवीन, सडपातळ यंत्र आहे. मी कपाटाच्या वरच्या फळीवर असतो आणि दसऱ्याला पाटावर येतो. मोरली, तराजू, जाळं आणि मी. कुंकू अजून त्याच जागी लागतं. मी अजून उतरतो.

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरातलं एखादं यंत्र ऐकेनासं झालं, तर लगेच त्याला मेलेलं ठरवू नका. एखाद वेळी ते आतून ‘हो’ म्हणत असेल आणि तुमचं बोलणं भलत्याच दारावर जात असेल. जाणकाराने बोर्ड गेला म्हणून सांगितलं तरी एकदा उघडून बघा. माणसांच्या बाबतीतही हे करून बघायला हरकत नाही, पण तो माझा विषय नाही.

परवा गुणाबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर तोच जुना काळा गॉगल लावून ती बसली होती. मिथुनच्या लग्नाचे फोटो अजून माझ्यातच आहेत, ते बघायचा तिने हट्ट धरला. किशोरीने मला खाली काढलं, वायर लावली. मी जुन्या सवयीने झळाळून उठलो.

“लागतो गो डोल्यांना,” गुणाबाई म्हणाली.

किशोरीने हात पुढे केला. गुणाबाईने तो बाजूला सारला.

“थांब. मना ठावं हाय.”

तिने गॉगल कपाळावर सरकवला, वाकून माझी वरची रांग चाचपली, सूर्याचं चित्र शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं. तेच बोट. दाबलं.

मी उतरलो.